तुझ्या सहीवरची मोकळी जागा

विमल, तू गेलीस त्याला परवा तीन महिने झाले. दवाखान्यातल्या लोकांनी तुझा फोटो भिंतीला लावला, हार घातला आणि मला म्हणाले, बाई, तुमची एवढी मैत्रीण, दोन शब्द बोला. मी उभी राहिले आणि तशीच खाली बसले. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. त्यांना वाटलं, मला हुंदका आला. हुंदका कसला, मला तुझा राग आला होता. तो अजून गेलेला नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

नर्स म्हणून तू किती चांगली होतीस ते सांगायला दवाखान्यातली माणसं आहेत. मला तुझ्याशी त्या कागदाबद्दल बोलायचं आहे. तू गेलीस तेव्हा तुझ्या पदरात दोन पोरी होत्या, बारा वर्षांची सुलभा आणि पाच वर्षांची मनू. मनू पोटात असतानाच तुझा नवरा विहिरीच्या सुरुंगात गेला होता. सासरचं जवळचं कुणी उरलं नव्हतं. मग तू मृत्युपत्र केलंस आणि दोन्ही पोरी माझ्या ओटीत टाकल्यास. तो कागद मी लिहिला, तू सांगशील तसा, माझ्या हातानं. पुढं त्या कागदाचं काय झालं ते तुला माहीत नाही, आणि सांगणारं माझ्याशिवाय दुसरं कुणी नाही.

आपली ओळख कशी झाली ते आठवतं का? तुला आठवत असेल ती गोड ओळख, साखर मागायला आलीस ती. मला आठवते ती पुढची. विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावागावांतून वस्त्या पेटत होत्या. ताडकळसच्या शाळेत मी नवीन होते, बौद्ध आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि भाड्याच्या खोलीची मालकीण त्या दुपारी मला म्हणाली, बाई, आज दुसरीकडं जा. दुसरीकडं म्हणजे कुठं? तू मला हाताला धरून दवाखान्यात नेलंस, बाळंतिणीच्या खोलीत खाटेवर निजवलंस, अंगावर चादर टाकलीस आणि दारात जाऊन उभी राहिलीस. दहा-बारा जण आले. हातात काठ्या होत्या. त्यातल्या अर्ध्यांच्या बायकांची बाळंतपणं तूच केलेली.

"आत कोन हाय?" एकानं विचारलं.

"बाळंतीन हाय, अडलीय. इटाळ चालत आसंल तर या आत," असं म्हणालीस तू, आणि वर हेही ठणकावलंस, "येतानी हात धुवून या. घानेरडे हात चालनार न्हाईत मला."

ते गेले. मी अजून चादरीखालीच होते आणि तू आत येऊन हसत सुटलीस. "सुनंदा, लगीन न करता बाळंत झालीस की गं!" मला हसू आलं नाही. तेव्हाही मी चिडलेच. पण विमल, माझ्यासाठी तू सरळ तोंडावर खोटं बोललीस, आणि बोलताना तुझा आवाजसुद्धा हलला नाही. ते मी पाहून ठेवलं होतं.

पोटात गाठ आहे हे तुला डॉक्टरांच्या आधी कळलं. औरंगाबादला जाऊन आलीस, स्वतःच्या केसपेपरची घडी करून डाळीच्या डब्याखाली सारलीस आणि संध्याकाळी माझ्या दारात येऊन म्हणालीस, "मी मरायलेय. रडायचं आसंल तर आत्ताच रडून घे, मंग कामाचं बोलू."

मी रडले. तू तेवढ्यात माझ्या तांदळातले खडे निवडून ठेवलेस.

कामाचं बोलणं म्हणजे पोरी. तुझा एकच भाऊ, ज्ञानोबा, गंगाखेडकडचा, मेंढरं राखणारा. माणूस सोन्यासारखा, हे तूच सांगायचीस. पण त्याच्याकडे पोरी गेल्या तर आठ महिने रानात, कळपामागं, असं तुझं म्हणणं. "त्याच्या घरात माया लय हाय, शाळा न्हाई," तू म्हणालीस. "तू घे."

मी म्हटलं, "तुम्ही हटकर धनगर, मी बौद्ध. हे दिवस कसले आहेत तुला कळतंय का? उद्या तुझी भावकी माझं घर जाळील."

"म्हनून तर कागद करायचा," तू म्हणालीस. जणू कागदाला आग लागत नाही.

मी परभणीला गेले. कचेरीसमोर टेबल टाकून बसणारे ते म्हातारे अर्जनवीस तुला माहीत आहेत. निजामाच्या काळात उर्दूतून दस्त लिहायचे, नंतर मराठीतून लिहायला लागले. त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. विधवा आईला मृत्युपत्रात पोरांसाठी पालक नेमता येतो. दोन साक्षीदार लागतात. नोंदणी केली तर चांगलं, नाही केली तरी चालतं. मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "एक ध्यानात ठिवा, बाई. पोरीचं लगीन झालं की तिच्यावरचा तुमचा हक खतम. कायद्यातच हाय तसं." मी निघाले तेव्हा त्यांनी परत हाक मारली. "आन मजकूर संपला की खाली आडवी रेघ मारा. मोकळी जागा ठिवली की उद्या कुनीबी भर घालतंय."

लग्नाची गोष्ट मी तुला येऊन सांगितली. म्हटलं, मग आपण लिहूनच टाकू, अठरा वर्षं पुरी होईपर्यंत पोरींचं लग्न कुणी करू नये. तू एकदम म्हणालीस, "ते नको लिहूस."

"का?"

"पोरीचं लगीन आसल्या कागदावर आनू नये. अपशकुन असतो."

विमल, अमावास्येला, ग्रहणात, पोथी-पंचांग न बघता नाळ कापणारी तू! तुला कधीपासून अपशकुन व्हायला लागले? मी तसं बोललेसुद्धा. तू भिंतीकडं तोंड केलंस. मी वाद वाढवला, तुला आजारी माणसाची दया दाखवली नाही, उलट म्हणाले की मरायला टेकलीस आणि अक्कल गहाण ठेवलीस. दोन दिवस आपण बोललो नाही. तुझ्याकडे तसे किती दिवस उरले होते? त्यातले दोन आपण असे घालवले. तिसऱ्या दिवशी मी कागद घेऊन आले, ती ओळ न लिहिता. तू बघितलंस आणि म्हणालीस, "तू लय तापट हायस, पन ऐकतीस." मला वाटलं, मी तुझ्या मनासारखं केलं. आता वाटतं, त्या दिवशी तू मला एखाद्या पोरासारखं गप्प केलंस.

ज्या दिवशी नोंदणीला परभणीला जायचं ठरलं, त्या दिवशी नामांतरासाठी रस्ता रोखलेला, एस.टी. बंद. तू शाल पांघरून स्टँडवर तीन तास बसलीस. मी मनातून त्या आंदोलनाच्या बाजूची, आणि तुझ्याकडं बघून मला त्याच आंदोलनाचा राग येत होता. दोन्ही खरं होतं. त्यानंतर तुला उठवलं नाही, आणि नोंदणी राहूनच गेली.

सही दवाखान्यातच झाली. साक्षीला तिथले डॉक्टर, ज्यांची पुढच्याच महिन्यात बदली झाली, आणि तुझा ज्ञानोबा. तो कळप मुलावर, किसनावर सोडून चालत आला होता. खाटेशेजारी जमिनीवर बसला, खांद्यावरची घोंगडी मांडीवर घेतली, डोळे मिटले आणि म्हणाला, "वाचा, बाई." मी वाचलं. मी, विमल, राहणार ताडकळस, पूर्ण शुद्धीत आणि राजीखुशीनं लिहून ठेवते की, वगैरे. वाचून झाल्यावर त्यानं डोळे उघडले आणि सगळा कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवला. एक शब्द इकडचा तिकडं नाही. डॉक्टर बघतच राहिले. तू अभिमानानं म्हणालीस, "चारशे मेंढरं तोंडावरून वळखतंय ते. येवढं काय घिऊन बसलात."

मग त्यानं अंगठा दिला. तू केसपेपरच्या पाटीवर कागद ठेवून पडल्या पडल्या सही केलीस. हात खाली घसरला आणि सही मजकुराच्या बरीच खाली आली, मधे दोन बोटं जागा राहिली. म्हाताऱ्यानं सांगितलेली रेघ मारायची मला आठवणच राहिली नाही. सही झाल्यावर तू मला म्हणालीस, मनूला बालवाडीतून घेऊन ये. मी गेले. परत आले तर ज्ञानोबा घोंगडीनं डोळे पुसत होता आणि तू त्याचा हात धरून होतीस. मी दारातच थांबले. भावाबहिणीची शेवटची भेट, मधे कशाला जा.

मनूला बालवाडीतून आणायला मला का धाडलंस, ते मला तेव्हा कळलं नाही.

तुझा दहावा गंगाखेडला गोदावरीवर झाला. मी लांब, पायऱ्यांवर बसले होते, पोरी माझ्याजवळ. विधी आटोपल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी विषय काढलाच. ज्ञानोबा ओल्या धोतरानं उभा राहिला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "कागदावर माझा अंगठा हाय. पोरी बाईकडंच ऱ्हातील."

एकजण म्हणाला, "तिच्या घरात जेवतील व्हय?"

"आजवर जेवल्याच की. काय झालं त्यास्नी? शिंगं फुटली?"

म्हातारे उठून आपापले पंचे पिळायला लागले. त्या काळात, त्या घाटावर, हे बोलायला काय लागतं ते मला विचार. नंतर तो माझ्या घरी आला, माझ्या हातचा चहा प्याला, कप स्वतः विसळून ठेवायला निघाला. मी हातातून ओढून घेतला. विमल, तुझ्या भावाइतका सरळ माणूस मी माझ्या उभ्या आयुष्यात दुसरा पाहिला नाही. हे मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढं जे सांगणार आहे ते याच माणसाशी मी केलं.

दोन महिने बरे गेले. बरे म्हणजे मनू रोज जेवताना तुझं ताट मांडायची आणि सुलभा ते न बोलता उचलायची. मी सुलभाला पहाटे गणित शिकवायची, तिला येत नाही म्हणून रागवायची, मग स्वतःवर रागवायची. कुणा दुसऱ्याचं लेकरू वाढवायला घेतलं की आपल्या तोंडाला किती धार आहे ते कळतं. तुझ्या नावानं मी रोज एकदा तरी बोटं मोडत होते आणि रोज एकदा तरी तुझे आभार मानत होते. मनू झोपेत माझा कान धरते. माझ्या घरात याआधी माझा कान धरणारं कुणी नव्हतं.

मग ज्ञानोबा आला. बाजारचा दिवस होता. नारळ आणलेला, सुलभासाठी हिरवी साडी आणलेली. बसला, पाणी प्याला, पोरींना जवळ घेतलं, आणि त्या बाहेर खेळायला गेल्यावर म्हणाला, "बाई, वरसाच्या आत करून टाकावं म्हनतो."

"काय?"

"सुलीचं लगीन. आमच्या किसनासंगं. आई मेली की वरसाच्या आत लगीन उरकावं लागतंय, न्हाईतर तीन वरसं थांबावं लागतंय. तुमाला ठावंच हाय."

मी म्हटलं, ती बारा वर्षांची आहे. तो म्हणाला, "लगीन नावाला. पोरगी तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या अजून दोन-तीन वरसं. शिकू द्या. आमाला घाई न्हाई." आणि मग माझं तोंड बघून त्याला आश्चर्यच वाटलं. "तुमाला ताई बोलली न्हाई व्हय? सही केली त्या दिशी तिनं शबुद दिला हाय मला. माझ्या हातावर हात ठिवून."

मी ती साडी उचलून खुंटीला टाकली. त्याला वाटलं, मला पटलं. तो मोकळेपणी सांगत राहिला. तू त्याला म्हणालीस म्हणे, ज्ञानबा, तू उभा ऱ्हा बाईच्या मागं. भावकीला आवर. पोरी तिच्याकडं राहू दे. तेवढं करशील तर माझी थोरली तुझ्या घरात दिली. "शबुद दिला न्हसता तरी मी उभा ऱ्हायलो आसतो," तो म्हणाला. "पन ताईला तसं वाटलं, बरं वाटलं मला."

म्हणजे असं होतं तर. अपशकुन वगैरे काही नव्हतं. तू बाजार मांडलास, विमल. माझ्या घराला संरक्षण हवं होतं, मनूला शाळा हवी होती, आणि त्याच्या बदल्यात तू सुलभा देऊन टाकलीस. मला न सांगता, तिला न सांगता. आणि ज्या माणसाला काही न देताही मिळालं असतं, त्याला दिलीस. यातलं जास्त वाईट काय ते मला अजून ठरवता येत नाही. तू हुशार होतीस. हुशार माणसं मरताना फार घाई करतात.

आता तू म्हणशील, मी दुसरं काय करणार होते? मरणाऱ्या बाईच्या हातात असतं काय? ते मला कळतं. किसन वाईट मुलगा नाही, हेही कळतं. वीस वर्षांचा आहे, नाकासमोर चालणारा, बापावर गेलेला. पण कायद्यानं अठरा लागत असले तरी लागलेलं लग्न तो मोडत नाही, आणि लग्न झालं की माझा हक्क संपतो. मग दोन-तीन वर्षं म्हणजे ज्ञानोबाचा चांगुलपणा टिकेल तेवढी, आणि ज्ञानोबाला भावकी आहे, बायको आहे, वय आहे. पोरगी आठवीत असेल आणि एखाद्या सकाळी कुणीतरी येऊन म्हणेल, चल. मी कुठल्या कागदाच्या जोरावर नाही म्हणू? हे सगळं मी त्याच्याशी बोलायला हवं होतं. तो ऐकणारा माणूस होता. कदाचित थांबलाही असता. पण मी बोलले नाही. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मला विनवण्या जमत नाहीत, आणि ज्याचे उपकार आहेत त्याच्यासमोर तर मुळीच जमत नाहीत. मी म्हटलं, "भाऊ, पुढच्या बाजारला या. भावकीतल्या दोघांना घेऊन या. कागदात काय आहे ते परत बघू."

"बगा की," तो म्हणाला. "कागदात लगनाचं कायीच न्हाई, पन बगा."

रविवारी दुपारी पोरी कपडे धुवायला गेल्या होत्या. मी ट्रंकेतून कागद काढला. नोंदणी झालेली नव्हती, दुसरी प्रत कुठं नव्हती. तीच दौत, तोच टाक. खोटं अक्षर काढायची गरज नव्हती, सगळा कागद माझ्याच अक्षरात होता. मजकूर आणि तुझी सही यांच्यामधल्या त्या दोन बोटांच्या जागेत मी लिहिलं: 'माझ्या मुलींचे लग्न त्यांची अठरा वर्षे पूर्ण होऊन त्या स्वतः संमती देईपर्यंत कोणीही करू नये.' शाई जरा गडद दिसत होती. ती उतरावी म्हणून मी कागद उन्हात ठेवला आणि कडेला वही दाबून बसले, वाऱ्यानं उडू नये म्हणून. हात थरथरला नाही. हे मी तुझ्याकडूनच शिकले.

पुढच्या बाजारी ते आले. ज्ञानोबा, भावकीतले दोन म्हातारे, आणि मी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांना बसवलं होतं. हेडमास्तरांनीच कागद वाचला. ज्ञानोबानं नेहमीसारखे डोळे मिटले. ओठ हलत होते, मनातल्या मनात बरोबर म्हणत होता. शेवटची ओळ आली आणि त्याचे ओठ थांबले. त्यानं डोळे उघडले, कागदाकडं नाही, माझ्याकडं बघितलं.

"बाई, येवढं त्या दिशी वाचलं नव्हतं तुमी."

हेडमास्तर माझ्याकडं बघायला लागले. माझ्याकडं एकच वाक्य होतं आणि मी ते बोलले.

"भाऊ, तुम्हाला वाचता कुठं येतं?"

विमल, हे वाक्य माझ्या घरातलं आहे. माझा बाप गावकीचं काम करायचा. चावडीवर त्याला एक कागद वाचून दाखवला, अंगठा घेतला, आणि नंतर त्याच कागदात आमची दीड एकराची तुकडी गेलेली निघाली. बाप म्हणाला, असं वाचलं नव्हतं. त्याला सगळ्यांदेखत उत्तर मिळालं, तुला वाचता कुठं येतं? दुसऱ्या दिवशी त्यानं मला शाळेत घातलं. त्या एका वाक्यावर मी शिकले, मास्तरीण झाले, आणि एवढं शिकून शेवटी ते वाक्य मी तुझ्या भावाला बोलले. त्या चावडीवरच्या माणसापेक्षा मी कुठं वेगळी, ते मला कुणी सांगावं. निदान तू सांगू नकोस.

ज्ञानोबा भांडला नाही. भांडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो थोडा वेळ आपल्या अंगठ्याकडं बघत बसला. मग म्हणाला, "ताईला माझा इश्वास न्हवता म्हना की." भावकीतला म्हातारा लगेच सरसावला, "बहिनीनंच वळखलं तुला. तोंडावर एक, कागदावर एक. घाटावर आमाला शानपना शिकवत हुतास नव्हं?" दुसरा हसला. मी तेव्हाही बोलू शकले असते. एक शब्द पुरेसा होता. मी हेडमास्तरांच्या हातातून कागद घेतला, घडी केली आणि चहा ठेवायला आत गेले.

मला वाटलं, तो चहा न पिता जाईल. त्यानं चहा प्याला. सगळा. कप खाली ठेवून म्हणाला, "कागदात हाय तर तसंच व्हावं." गेल्या खेपेला आणलेली साडी खुंटीला तशीच होती. तिच्याकडं बघून म्हणाला, "ऱ्हाऊ द्या. मोठी झाली म्हंजे नेसंल." गेला. तेव्हापासून आलेला नाही. त्याच्या गावाकडून बाजारला येणारी बाई परवा सांगत होती, ज्ञानोबा तुझं नाव घेत नाही आता. कुणी काढलं तर उठून मेंढरांकडं जातो.

तर बघ, मी तुझ्या पोरीचं लग्न थांबवलं आणि तुझ्या भावाची बहीण मारली. तू मेलीस ती एकदा, गाठीनं. त्याच्यापुरती तुला मी दुसऱ्यांदा मारलं, सगळ्यांसमोर, शुद्ध मराठीत. तुझी माफी मागायची असती तर मी हे वेगळ्या तऱ्हेनं लिहिलं असतं. माफी मागत नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा लिहीन. फक्त त्या वेळी त्याच्या तोंडाकडं बघणार नाही.

एक गोष्ट राहिली. या सगळ्यात मी सुलभाला काही विचारलं नव्हतं. ती स्वतः संमती देईपर्यंत, असं मी कागदावर लिहिलं, पण तिला विचारावं हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. तिला मामा आवडतो, मेंढरं आवडतात, किसनाशी ती लहानपणापासून खेळलेली. तिला काय हवं होतं हे तूही विचारलं नाहीस आणि मीही नाही. तेवढ्यापुरत्या आपण दोघी सारख्याच.

काल शाळेतून आली ती सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दप्तर खाली ठेवलं नाही. शाळेतल्या पोरी काहीबाही बोलल्या असणार. हेडमास्तरांची मुलगी तिच्याच वर्गात आहे.

"बाई, आईनं मामाला शब्द दिला होता का?"

खोटं बोलणं मला आता सोपं झालं होतं. पण तिच्या तोंडाकडं बघून जमलं नाही.

"दिला होता."

"मग ते कागदावरचं?"

"ते मी लिहिलं. नंतर."

तिनं मान हलवली, गणिताचं उत्तर जुळल्यावर हलवते तशी. रडली नाही, माझ्यावर चिडली नाही, आभारही मानले नाहीत. एवढंच म्हणाली, "मग माझ्यासाठी आईनं काय लिहिलंय?"

मी कागदच काढून तिच्या हातात दिला. ती भिंतीला टेकून बसली आणि बोट ठेवून पहिल्यापासून वाचायला लागली. शेत दोघींना सारखं. भांडीकुंडी बाईंकडं. शिवणाचं यंत्र विकून मनूच्या शाळेला लावावं. मनूला दुधाचं पथ्य, मनूचे कान फुटतात तिकडं लक्ष द्यावं, मनूला अंधाराची भीती वाटते. मी तुझ्या तोंडून हे उतरवून घेत होते तेव्हा मला काही खटकलं नव्हतं, विमल. लहान लेकराची काळजी जास्त, असंच वाटलं होतं. काल तिचं बोट एकेका ओळीवरून सरकताना बघत होते आणि मला कळत होतं की ती काय शोधतेय आणि पुढं काय येणार आहे, पण कागद तिच्या हातातून घ्यायचं धाडस झालं नाही. तिच्या एकटीच्या नावाची ओळ एकच आहे. 'थोरली सुलभा हिने धाकटीला कधी अंतर देऊ नये.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. माझ्या ओळीवर बोट ठेवलंच नाही. कागदाची घडी केली, मला परत दिली, अंगणात खेळणाऱ्या मनूला हाक मारली आणि तिची वेणी घालायला बसली. तुझ्या सगळ्या कागदातली तेवढी एक ओळ पाळली जातेय, विमल.